प्रवेश हुकल्यानंतर : व्यवस्थापनशिक्षणाच्या स्पर्धेतील निराशा

भारतात व्यवस्थापनशिक्षणाच्या प्रवेशाची सर्वांत मोठी चाळणी म्हणजे कॅट ही परीक्षा. नोव्हेंबर २०२४ मध्ये झालेल्या कॅटसाठी सुमारे ३ लाख २९ हजार जणांनी नावे नोंदवली आणि त्यांतले सुमारे २ लाख ९३ हजार प्रत्यक्ष परीक्षेला बसले. सगळ्या आयआयएममधल्या (भारतीय व्यवस्थापन संस्थांमधल्या) दोन वर्षांच्या मुख्य अभ्यासक्रमाच्या जागा एकत्र मोजल्या, तरी त्या पाच-सहा हजारांच्या घरातच राहतात. एकट्या अहमदाबादला साधारण चारशे. शंभरांतल्या अठ्ठ्याण्णव जणांना आयआयएम मिळणार नाही, हे पहिला अर्ज भरला जाण्याआधीच ठरलेले असते. अर्थात हे अठ्ठ्याण्णवही सगळेच मनापासून तयारी करणारे नसतात. मित्राने फॉर्म भरला म्हणून भरणारे, आईवडिलांच्या आग्रहाखातर बसणारे यांत पुष्कळ असतात. पण त्यांना वजा केले तरी उरतात ते काही हजार, आणि निराशेचा प्रश्न खरा त्यांचा आहे.

जागा वाढल्या की निराशा कमी होईल, असे सहज वाटते. तसे झालेले नाही. कोलकाता आणि अहमदाबाद या पहिल्या दोन संस्था १९६१ मध्ये सुरू झाल्या, बंगळूर १९७३ मध्ये. त्यानंतर लखनौ, कोळिकोड, इंदूर आणि पुढे बऱ्याच. नागपूरला २०१५ मध्ये आयआयएम आले. मुंबईच्या पवईतील, १९६३ पासून चालत आलेल्या नीटी या संस्थेला २०२३ मध्ये आयआयएम मुंबई हा दर्जा मिळाला. संस्था विसाच्या वर गेल्या, पण त्याच वेगाने त्यांच्यातली उतरंडही रचली गेली. परीक्षार्थींच्या बोलीत ‘ए-बी-सी’ (अहमदाबाद, बंगळूर, कोलकाता) वेगळे, ‘ब्लॅकी’ (त्यांत लखनौ, कोळिकोड, इंदूर धरून) वेगळे, ‘नवे’ आणि ‘बेबी’ वेगळे. त्यामुळे आयआयएममध्ये प्रवेश मिळूनही खट्टू झालेली मुले दिसतात. मानसशास्त्रात ‘आकांक्षेची पातळी’ नावाची एक जुनी संकल्पना आहे; १९३० च्या सुमारास बर्लिनमध्ये कुर्ट लेविन यांच्या विद्यार्थ्यांनी तिच्यावर प्रयोग केले. माणसाला यश वाटते की अपयश, हे त्याने प्रत्यक्ष काय मिळवले यापेक्षा त्याने आधी कुठे खूण केली होती यावर ठरते, हे त्यांतून पुढे आले. ९७ पर्सेंटाइलची आशा धरणारा ९८ ला पेढे वाटतो आणि ९९.५ ची धरणारा त्याच ९८ ला दार लावून बसतो.

निराशेशी झुंजायचे तर आधी निकाल काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे नीट वाचता यायला हवे. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण त्याचे परिणाम मनात उतरलेले नसतात. अलीकडच्या वर्षांत कॅटमध्ये एकूण गुणांच्या निम्म्याहूनही कमी गुण मिळवणाऱ्याला ९९ पर्सेंटाइल मिळालेले आहे. २ लाख ९३ हजार परीक्षार्थींत ९९ चा अर्थ साधारण २,९०० जणांच्या आत असणे, आणि ०.१ पर्सेंटाइलचा फरक म्हणजे सुमारे २९० माणसे. बरोबर उत्तराला तीन गुण, पर्यायी प्रश्नाच्या चुकीच्या उत्तराला एक वजा. म्हणजे दोन पर्यायांत घोटाळून चुकीच्या बाजूला झुकलेला एक प्रश्न चार गुणांनी खाली नेतो, आणि वरच्या टोकाला या चार गुणांत शेकडो जण पुढे निघून जातात. तयारीच्या काळात मॉक, म्हणजे सराव परीक्षा, दिलेल्या कोणालाही हा चढउतार अनोळखी नाही. एका रविवारी ९९.४, पुढच्या रविवारी ९७. दरम्यान बुद्धीत काहीच बदललेले नसते. फरक एवढाच, की मॉक दर आठवड्याला असतो आणि खरी परीक्षा वर्षातून एकदा, दोन तासांची.

त्यातही परीक्षेचा निकाल हा निवडीचा एक हिस्सा आहे. मुलाखतीचा कॉल द्यायचा की नाही हे ठरवताना बहुतेक जुन्या आयआयएम दहावी-बारावीचे गुण विचारात घेतात. अनेक ठिकाणी पदवीचे गुण, नोकरीचा अनुभव, विद्याशाखेतली विविधता आणि लिंगविविधता यांचेही गुण धरले जातात. संस्थेच्या माहितीपत्रकात छापलेला किमान कट-ऑफ आणि ज्या पर्सेंटाइलला प्रत्यक्षात कॉल आले ती पातळी, यांत बरेच अंतर असते. किमान ओलांडले म्हणजे बोलावणे येणारच, असे धरून बसलेल्यांचा पहिला धक्का इथे असतो. इंजिनिअर, मुलगा, खुला प्रवर्ग अशा उमेदवाराला या वर्तुळात ‘जेम’ म्हणतात; त्यांची संख्या प्रचंड असल्याने त्यांच्यातली स्पर्धा सर्वांत तीव्र. दहावीला ८२ टक्के असलेल्या अशा मुलाला ९९.३ ला एकही मोठा कॉल न येणे शक्य असते. त्याचे दहावीचे वर्ष सात-आठ वर्षांमागे संपलेले. पंधराव्या वर्षीचे गणिताचे मार्क तेविसाव्या वर्षी आडवे यावेत, हे योग्य की अयोग्य यावर वाद घालता येईल, आणि तो घालायलाही हवा. पण निकाल हाती आल्यावर त्या मुलाने काढलेला ‘आपली लायकीच नाही’ हा निष्कर्ष मात्र त्या आकड्यांतून निघत नाही. संस्थेला हव्या असलेल्या मिश्रणात या वर्षी त्याचा नंबर लागला नाही, इतकेच त्यातून निघते.

नाकारले गेल्याचा राग पुष्कळदा आरक्षणाकडे वळतो. तिथेही वस्तुस्थिती तपासावी लागते. केंद्रीय शिक्षणसंस्थांत इतर मागासवर्गीयांना २७ टक्के जागा देणारा कायदा २००६ चा; सर्वोच्च न्यायालयाने तो २००८ मध्ये उचलून धरला. आरक्षण आले तरी खुल्या जागांची संख्या आधीपेक्षा कमी होऊ नये म्हणून एकूण जागा वाढवाव्यात, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. २०१९ मध्ये आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठीचे १० टक्के आरक्षण आले तेव्हाही हेच धोरण राहिले. ‘माझी जागा कोणीतरी नेली’ या भावनेला पायाभूत असलेली वजाबाकी त्यामुळे चुकते. शिवाय ती भावना जवळ बाळगून पुढचा अभ्यास होत नाही, हे वेगळेच.

कॅटच्या निराशेचे एक खास वैशिष्ट्य म्हणजे ती हप्त्याहप्त्याने येते. नोव्हेंबरच्या अखेरीस परीक्षा होते. काही दिवसांत उत्तरतालिका येते आणि घरी बसून गुण मोजता येतात. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास निकाल. मग जानेवारीपर्यंत कॉलच्या याद्या, फेब्रुवारी-मार्चमध्ये लेखी चाचणी आणि मुलाखत, एप्रिल-मेमध्ये अंतिम निवड, आणि त्यानंतर वेटलिस्ट हलण्याची वाट पाहत जून उजाडतो. प्रत्येक टप्प्यावर आशा पुन्हा लावली जाते आणि प्रत्येक टप्प्यावर ती मोडू शकते. सहा-सात महिने माणूस धड नापासही नसतो आणि धड पासही. ‘काय झालं रे त्या कॅटचं?’ या प्रश्नाला या काळात खरे उत्तरच नसते, म्हणून लग्न-मुंजीची आमंत्रणे टाळली जातात.

यातली सर्वांत टोचणारी निराशा थोडक्यात हुकलेल्याची. कॉल आला पण ‘कन्व्हर्ट’ झाला नाही (त्याचे प्रवेशात रूपांतर झाले नाही), वेटलिस्ट तीन नंबरावर थांबली, कट-ऑफ दशांशाने चुकला. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ व्हिक्टोरिया मेडवेक, स्कॉट मेडी आणि टॉमस गिलोविच यांनी १९९५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या पदकविजेत्यांच्या चित्रफिती त्यांनी लोकांना दाखवल्या आणि खेळाडूंचे चेहरे किती आनंदी दिसतात हे नोंदवायला सांगितले. कांस्यपदकवाले रौप्यपदकवाल्यांपेक्षा अधिक आनंदी ठरले. रौप्यवाल्याच्या मनात ‘थोडक्यात सुवर्ण गेले’ असते, कांस्यवाल्याच्या मनात ‘थोडक्यात पदक मिळाले’. ‘असे झाले असते तर’ या विचाराला जितकी जवळची खुंटी मिळते, तितका तो घट्ट बसतो. म्हणून ९९.१ वाल्याचे सांत्वन करताना ‘किती जवळ पोचलास बघ’ असे म्हणणे हे मीठ चोळणेच. घरच्या माणसांचा हेतू चांगला असतो. वाक्य मात्र चुकीच्या जागी लागते.

मुलाखतीनंतरचा नकार अधिक खोल जातो, कारण तिथे यंत्राने गुण मोजलेले नसतात; समोर बसलेल्या माणसांनी पाहून, बोलून नाही म्हटलेले असते. या निवडीला किती वजन द्यावे, याचे उत्तर देणारी एक घटना वैद्यकीय शिक्षणात घडली आहे आणि ती जरा सविस्तर सांगण्याजोगी आहे. १९७९ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या विधिमंडळाने ह्यूस्टन इथल्या वैद्यकीय महाविद्यालयाला प्रथम वर्षाची संख्या १५० वरून २०० करायला सांगितली. हा आदेश आला तेव्हा निवड उरकलेली होती. महाविद्यालयाने मुलाखती घेऊन, क्रम लावून, आपल्या दृष्टीने उत्तम विद्यार्थी घेतले होते आणि वरचे उमेदवार इकडेतिकडे प्रवेश घेऊन मोकळे झाले होते. मग ज्यांना आधी नकार दिला होता त्यांच्यातूनच, यादीत बरेच खाली जाऊन, ५० जण घ्यावे लागले. एरवी कोणतीही संस्था असा प्रयोग स्वतःहून करणार नाही. नाकारलेले लोक नंतर कसे निघाले हे संस्थेला कळतच नाही, कारण ते तिच्या दाराबाहेर असतात. इथे ते आत आले. पुढे या दोन्ही गटांची तुलना झाली आणि ती १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली : गळतीचे प्रमाण, महाविद्यालयातली कामगिरी, रुग्णालयातले काम, पदवीनंतरचे पहिले वर्ष. आधी निवडलेले आणि आधी नाकारलेले यांत म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. मूळ क्रमवारीत दोन गटांत अंतर पडले होते ते मुख्यतः मुलाखतीच्या मतामुळे.

या उदाहरणावरून निवड म्हणजे निव्वळ सोडत आहे, असे ठरत नाही. दहा हजारांतून हजार निवडताना परीक्षा बऱ्यापैकी काम करते. पण त्या हजारांतून शंभर काढताना उरलेले सगळे जवळपास सारखेच लायक असतात. तिथे पंधरा-वीस मिनिटांच्या मुलाखतीची पकड सैल पडते आणि मंडळाचा कल, आधीचा उमेदवार, त्या दिवशीचा प्रश्न अशा गोष्टी निर्णायक ठरतात. म्हणून ज्याला कॉल आला आणि नंतर नकार आला, त्याने नकारापेक्षा कॉलकडे पुरावा म्हणून पाहणे जास्त बरोबर. कॉल ही मोठ्या गर्दीतली निवड आहे. नकार छोट्या गर्दीतला.

अपयशाचे कारण माणूस कशात शोधतो यावर त्याची पुढची वाटचाल ठरते, हा बर्नार्ड वायनर यांच्या १९७० च्या दशकातील मांडणीचा गाभा. कारण स्वतःत आहे की बाहेर, कायमचे आहे की बदलणारे, आपल्या हातातले आहे की नाही, असे तीन प्रश्न त्यांनी मांडले. ‘मला डोकेच नाही’ हे उत्तर स्वतःत, कायमचे आणि हाताबाहेरचे. ते ज्याने दिले त्याचा पुढचा प्रयत्न तिथेच संपतो. ‘सगळा नशिबाचा खेळ’ हे उत्तर मनाला थंडावा देते, पण करायला काहीच ठेवत नाही. ‘डेटा इंटरप्रिटेशनच्या विभागात कठीण संचावर वीस मिनिटे गेली आणि सोपा संच तसाच राहिला’ हे उत्तर कडू आहे, तरी उपयोगी तेच. याच्या जोडीला एक चौथे उत्तरही प्रचलित आहे, ‘एमबीएत तसे काही ठेवलेले नाही’ हे. दोन वर्षे ज्यासाठी जीव टाकला ते एका रात्रीत निरर्थक ठरवणे हा निराशेवरचा उपाय वाटतो, पण त्याने तयारीत खरोखर काय चुकले हे पाहण्याची वेळच येत नाही.

याच कारणाने नाकारलेल्या थोरांच्या कथाही सावधपणे वापराव्यात. वॉरन बफे यांना हार्वर्ड बिझनेस स्कूलने एकोणिसाव्या वर्षी नाकारले, मग ते कोलंबिया विद्यापीठात बेंजामिन ग्रॅहम यांच्याकडे शिकले, ही गोष्ट खरी आहे आणि प्रत्येक भाषणात येते. तिचा दोष असा की ती निराश माणसासमोर आणखी एक उंच खूण करते. नाकारल्या गेलेल्यांतले बहुसंख्य बफे होत नाहीत. ते बँकांत, कारखान्यांत, सॉफ्टवेअर कंपन्यांत आणि घरच्या धंद्यात चांगली कामे करतात, आणि त्यांच्यावर भाषणे होत नाहीत.

धक्क्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत काय करावे, याबाबत जुनी समजूत ‘मन दुसरीकडे गुंतव’ अशी आहे. ती अर्धी बरोबर. तीच ती गोष्ट मनात घोळवत राहिल्याने उदासी लांबते, हे सुसान नोलेन-होक्सेमा यांच्या संशोधनातून दिसले आहे. पण झालेले एकदा नीट मांडून पाहण्याचा फायदाही दिसला आहे. १९९४ मध्ये जेम्स पेनबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोकरी गेलेल्या, प्रौढ वयाच्या अभियंत्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या एका गटाला सलग पाच दिवस रोज २० मिनिटे, नोकरी जाण्याबद्दल मनात जे असेल ते लिहायला सांगितले होते. पुढच्या काही महिन्यांत या गटातल्या अधिक जणांना नवी नोकरी मिळाली. त्यांनी इतरांपेक्षा जास्त अर्ज केले होते, असे मात्र नव्हते. आतला कडवटपणा ओसरल्याने ते मुलाखतीत वेगळे दिसले असावेत, असे संशोधकांना वाटले. अभ्यास लहान होता, त्यावर फार मोठा इमला रचू नये. तरीही पुढची मुलाखत महिन्याभरात असणाऱ्याला तो कामाचा आहे.

घराचा वाटा मोठा असतो. मराठी मध्यमवर्गीय घरात मुलाच्या प्रवेशाची चर्चा चाळीत, सोसायटीत, भावकीत होते. क्लासच्या फलकावर कोणाचा फोटो आला आणि कोणाचा नाही हे सगळ्यांना दिसते. लिओन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले तसे, माणूस स्वतःला जोखतो ते आपल्यासारख्यांशीच. त्यामुळे शंभर पर्सेंटाइलवाला अनोळखी मुलगा त्रास देत नाही. एकाच अभ्यासिकेत बसलेला, एकाच डब्यातला मित्र कन्व्हर्ट झाला की झोप उडते. अशा वेळी लिंक्डइन आणि व्हॉट्सॲपच्या तयारी-गटांपासून काही आठवडे लांब राहणे यात पळपुटेपणा नाही. घरच्यांनी नातेवाइकांना उत्तर देण्याचे काम आपल्याकडे घेतले, तरी पुष्कळ होते. मात्र झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक बिघडलेली राहिली, कशातच रस वाटेनासा झाला, किंवा जगण्याला अर्थ नाही अशी भाषा कानावर आली, तर ती साधी निराशा समजू नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून चालू आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.

यानंतरचा प्रश्न पुन्हा बसायचे का, हा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला खुल्या प्रवर्गासाठी सहा प्रयत्न आणि ३२ वर्षे ही मर्यादा आहे. त्यासाठी पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत बसणाऱ्याला कधीतरी नियमच थांबवतो. कॅटला वयाची अट नाही, प्रयत्नांची मोजदाद नाही. थांबण्याचा निर्णय पूर्णपणे उमेदवारावर येतो, आणि नुकताच हुकलेला माणूस तो निर्णय घ्यायला सर्वांत नालायक असतो. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लुमर यांनी १९८५ मध्ये नाटकांच्या हंगामी तिकिटांवर प्रयोग केला होता. पूर्ण किंमत मोजलेले प्रेक्षक सवलतीत तिकीट मिळालेल्यांपेक्षा जास्त प्रयोगांना आले, कारण पैसे आधीच गुंतले होते. दोन वर्षे आणि क्लासची फी गुंतलेली असली की तिसरे वर्ष असेच आपोआप गुंतते. म्हणून निकालानंतर काही आठवडे या प्रश्नाला हातच न लावणे बरे.

मग तो हिशेब कोरडेपणाने करावा. दहावी-बारावीचे गुण बदलणार नाहीत. ते जिथे आडवे आले त्या संस्थेत पुढच्या वर्षीही येतील. तिथे तीच वाट पुन्हा चालण्याला फारसा अर्थ नाही, आणि अर्ज पर्सेंटाइलला अधिक वजन देणाऱ्या किंवा वेगळी परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे वळवावा. जमशेदपूरच्या एक्सएलआरआयसाठी झॅट आहे, महाराष्ट्रातल्या संस्थांसाठी राज्याची सीईटी आहे, आणि मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेचे शुल्क मोठ्या आयआयएमच्या, म्हणजे वीस लाखांच्या वरच्या, शुल्कापेक्षा बरेच कमी आहे. एखाद्या विभागाचाच कट-ऑफ हुकला असेल आणि मॉकमधले गुण सातत्याने त्याहून वर असतील, तर पुन्हा बसण्याला आधार आहे. मॉकही तिथेच अडकत असतील, तर आधार फक्त आशेचा. नोकरी सोडून ‘ड्रॉप’ घेण्यात दुहेरी तोटा असतो : अनुभवाचे गुण थांबतात आणि मुलाखतीत त्या मोकळ्या वर्षाचा जाब द्यावा लागतो. नोकरी सांभाळून तयारी करणाऱ्याचे तास कमी पडतात, पण निकाल विपरीत लागला तरी त्याच्या हातात काहीतरी राहते.

दुसऱ्या पसंतीच्या संस्थेत जावे का, याचे उत्तर तितके सोपे नाही. अमेरिकेत स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२ मध्ये पदवीशिक्षणाबाबत दाखवले, की नामांकित महाविद्यालयात प्रवेश मिळवण्याइतकी कुवत असलेले पण तुलनेने साध्या महाविद्यालयात शिकलेले विद्यार्थी पुढे जवळपास तितकेच कमावतात. गरीब घरांतून आलेल्यांच्या बाबतीत मात्र संस्थेचा फरक पडला. भारतातल्या व्यवस्थापनशिक्षणाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. इथे काही सल्लागार कंपन्या आणि गुंतवणूक बँका ठरावीक आवारांतच भरतीला जातात, आणि पहिली नोकरी त्या आवारावर अवलंबून असते. ज्याला नेमके तेच काम हवे, त्याने एक वर्ष थांबण्यात तथ्य आहे. विपणन, मनुष्यबळ, पुरवठासाखळी किंवा स्वतःचा व्यवसाय यांकडे कल असलेल्याने आवाराचे नाव बाजूला ठेवून शुल्क, कर्जाचा हप्ता आणि त्या संस्थेतून गेल्या दोन-तीन वर्षांत मिळालेल्या मधल्या पगाराचा आकडा मांडावा. सरासरीचा आकडा घेऊ नये. एक-दोन मोठ्या पगारांनी सरासरी फुगते.

दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाखेरीज मागून येणारी एक वाटही आहे. अहमदाबादचा एक वर्षाचा कार्यकारी अभ्यासक्रम २००६ पासून चालू आहे. बंगळूर आणि कोलकात्यातही तसे अभ्यासक्रम आहेत, आणि हैदराबादेत २००१ मध्ये सुरू झालेल्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचा मुख्य अभ्यासक्रम एकाच वर्षाचा आहे. तिथे कॅटऐवजी प्रामुख्याने जीमॅट किंवा जीआरईचे गुण चालतात, एका परीक्षेचे गुण पाच वर्षे वापरता येतात, आणि अनुभव ही अट असते. अहमदाबादला किमान चार वर्षांचा. तेविसाव्या वर्षी कॉल न आलेल्या उमेदवाराने तोवर काय काम केले, किती माणसे सांभाळली, कोणती जबाबदारी पेलली, हे या निवडीत मुख्यतः पाहिले जाते.